मैदान आमचे, महोत्सव आपला : मंत्रिमहोदयांना खुले पत्र

प्रति,
माननीय मंत्रिमहोदय,
महाराष्ट्र शासन, मुंबई.

विषय : वसाहतीचे मैदान महाराष्ट्र दिनापूर्वी मोकळे करण्याबाबत आपण दिलेले आश्वासन.

महोदय,

सविनय नमस्कार.

गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत आपण आमच्या वसाहतीच्या फाटकाशी थांबलात, लेझीम खेळून दमलेल्या मुलींच्या घोळक्यात उभे राहिलात आणि ध्वनिक्षेपक हातात घेऊन म्हणालात, की मैदानावरचे पाइप आणि पेव्हर ब्लॉकचे ढिगारे महाराष्ट्र दिनाच्या आत उचलले जातील, हा आपला शब्द आहे. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते. या पत्रात वसाहतीचे नाव मुद्दाम घातलेले नाही. आपल्याला ते ठाऊक आहे, आणि ते जाहीर झाले तर संबंधित कार्यालयातील मंडळी पाइप उचलण्याआधी आमच्या पाण्याची वेळ बदलतील, अशी भीती आमच्या कार्यकारिणीतील काहींना वाटते. ती अनाठायी असेलही. पण वाटावी असे बरेच काही त्यांनी पाहिले आहे.

आपल्या शब्दावर विसंबून आम्ही कार्यक्रम आखले. रहिवासी संघाची सचिव या नात्याने फाटकाजवळचा फळा लिहिण्याचे काम माझ्याकडे आहे. मोबाइलवरचे गट आले तरी वसाहतीतील वडीलधारी माणसे दूध आणायला खाली उतरली की आधी फळा वाचतात. पाडव्यानंतरच्या रविवारी मी त्यावर लिहिले, की एप्रिलच्या शेवटच्या रविवारी रक्तदान शिबिर होईल, कारण महाविद्यालयांना सुट्ट्या लागतात, दाते गावी जातात आणि दर मे महिन्यात रक्तपेढ्यांना तुटवडा भासतो. १ मे रोजी सकाळी सात वाजता ध्वजवंदन, पाठोपाठ लहान मुलांच्या शर्यती, लगोरी आणि मुलींची कबड्डी. दुपारनंतर महिला मंडळाची कुरडया, सांडगे आणि मिरगुंडांची विक्री, जिच्या उत्पन्नातून जूनमध्ये आमच्याकडे घरकाम करणाऱ्या बायकांच्या मुलांना वह्या दिल्या जातात. आणि त्यापुढच्या सोमवारपासून मल्लखांबाचे उन्हाळी शिबिर. मल्लखांब गेले वर्षभर सायकलींच्या शेडमध्ये आडवा पडला होता, त्याला मुलांनी लगोलग एरंडेल चोळले. बातम्यांच्या रकान्यात दोन ओळी अभिमानाच्याही होत्या : आमच्या दोन मुली जिल्ह्याच्या कबड्डी निवडीपर्यंत पोहोचल्या, तेही वाहनतळाच्या फरशीवर सराव करून.

गेल्या आठवड्यात रातोरात फाटकावर फ्लेक्स लागला. महाराष्ट्र दिनानिमित्त ३० एप्रिल ते २ मे असा तीन दिवसांचा भव्य महोत्सव, स्थळ म्हणून आमचे मैदान, वर हात जोडलेली आपली छबी आणि खाली आजी, माजी व इच्छुक अशा सर्वांचे चेहरे पासपोर्ट आकारात. बांधणाऱ्यांनी तो फ्लेक्स नेमका फळ्यावरच तारेने आवळला आहे. आता रक्तदान शिबिराची वेळ पाहायची असेल, तर आपला डावा खांदा उचलून आत डोकवावे लागते. बेकायदा फलकांबाबत मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सविस्तर आदेश दिले आहेत, आणि १३ मे २०२४ रोजी घाटकोपरला महाकाय फलक कोसळून १७ माणसे गेली, हे आपल्याला मी सांगायला नको. आमच्या फाटकावरचा फलक त्यामानाने किरकोळ, कापडाचा आणि आपलाच.

तरीही आपण शब्द पाळला नाही असे मला म्हणता येत नाही, आणि याचेच मला अधिक वाईट वाटते. पाइप खरोखरच हलले. मैदानाच्या ज्या अर्ध्या भागावर ते होते तो भाग मांडवासाठी रिकामा झाला, आणि ते सगळे सामान क्रेनने उचलून उरलेल्या अर्ध्या भागात, मुले ज्या कोपऱ्यात कसेबसे खेळत होती तिथे, रचण्यात आले. एका पाइपात शिरून एक सात वर्षांचा मुलगा लपला होता. क्रेनवाल्याने आधी वाकून पाहिले म्हणून निभावले. त्या मुलाच्या आईने नंतर मला विचारले, ‘काकू, मंत्र्यांनी हेच कबूल केले होते का?’ मी तिला काय उत्तर द्यायला हवे होते, ते आपणच कळवावे.

आता थोडे माझ्या घरचे, कारण मैदान म्हणजे मुलांची हौस एवढाच समज मंत्रालयात असावा. माझ्या यजमानांची बायपास झालेली आहे. डॉक्टरांनी रोज पाऊण तास सपाट जागेवर चालायला सांगितले आणि सपाट जागा म्हणून वसाहतीत एक मैदानच होते. ते अडवले गेल्यापासून ते बाहेरच्या गल्लीत चालू लागले. ही गल्ली काँक्रीटीकरणासाठी खोदली होती, मग ती बांधून झाली आणि मग कुणाची तरी केबल राहिली म्हणून कडेने पुन्हा कापली गेली. त्या कापलेल्या कडेवरून समोरून येणाऱ्या दुचाकीला वाट देताना ते पडले. मनगटाचे हाड मोडले, प्लास्टर निघाले. पण आजही त्यांना शर्टाची वरची गुंडी एका हाताने लावता येत नाही आणि ती मी लावलेली त्यांना आवडत नाही. माझे स्वतःचे म्हणाल, तर मैदानावर फुटलेल्या सिमेंटच्या गोण्यांची धूळ वाऱ्यासरशी पहिल्या मजल्यावर येते. दम्याचा पंप पूर्वी मी प्रवासाला जातानाच पर्समध्ये टाकत असे, आता तो उशाशी असतो. खिडक्या लावल्या तर एप्रिलच्या उकाड्यात जीव जातो, उघडल्या तर धुळीने. यात कुठे भरपाईचा रकाना असेल असे मला वाटत नाही, म्हणून मागत नाही. पण व्यासपीठावरून ‘ज्येष्ठ नागरिक ही आपली संपत्ती आहे’ असे आपण पुढच्या वेळी म्हणाल, तेव्हा ही संपत्ती सध्या दोन मोटारींच्या फटीतून येरझाऱ्या घालत आहे, हे लक्षात असू द्यावे.

तक्रार केली नाही का, असे आपले स्वीय सहायक विचारतील. केली. खिडकीवर गेले तर ‘ऑनलाइन टाका’ म्हणाले. ऑनलाइन टाकली तर काही दिवसांनी संदेश आला, की आपल्या तक्रारीचे निवारण करण्यात आले आहे. पुरावा म्हणून जोडलेल्या छायाचित्रात एक स्वच्छ, हिरवेगार, कडेला बाके असलेले मैदान होते. फार छान होते. ते कुठे आहे तेवढे कळले, तर आम्ही सगळेच तिथे राहायला जाऊ. माहितीच्या अधिकारात अर्ज केला. कायद्याने उत्तर ३० दिवसांत यायला हवे, ते मुदत उलटून गेल्यावर एका ओळीचे आले : ‘सदर माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही.’ कोणत्या ठेकेदाराला, किती काळासाठी, किती भाड्याने मैदान दिले, हे संकलित नाही. पण ते तीन दिवस आपल्या महोत्सवाला द्यायचे, हे मात्र चटकन संकलित झाले.

पैशांची अडचण आहे असेही म्हणता येत नाही. मुंबई महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,००० कोटी रुपयांच्या पुढे होता. २०११ च्या जनगणनेतील सव्वा कोटीच्या आसपासच्या लोकसंख्येने भागले, तर माणशी जवळपास ६० हजार रुपये येतात. मी बँकेत नोकरी केली आहे, हा हिशेब ढोबळ आहे हे मला समजते. लोकसंख्या तेव्हापासून वाढली आहे आणि यातील बराच पैसा मोठ्या प्रकल्पांचा आहे. तरी माझ्या घरातील चार माणसांच्या वाट्याला आलेल्या सुमारे दोन लाख चाळीस हजारांपैकी पाइप उचलणाऱ्या ट्रकच्या डिझेलपुरते तरी इकडे वळवावेत. मुंबईत माणशी मोकळी जागा सव्वा चौरस मीटरच्या आसपास आहे असे नियोजनकार वर्षानुवर्षे सांगत आले आहेत, तर शहरांसाठीच्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये १० ते १२ चौरस मीटरची शिफारस आहे. सव्वा चौरस मीटर म्हणजे दोघांनी पाय मुडपून बसावे एवढी सतरंजी. आमच्या वाट्याच्या सतरंजीवर आता आपले व्यासपीठ उभे राहत आहे.

मात्र माझी खरी तक्रार जागेपेक्षा वेगळी आहे. आमच्या वसाहतीत काय होणार आहे, हे आम्हालाच सर्वांत शेवटी कळते. मैदानावर पाइप येणार हे पाइप आल्यावर कळले, गल्ली खोदणार हे जेसीबीच्या आवाजाने कळले, महोत्सव होणार हे फ्लेक्सने कळले. घाटकोपरच्या जोशी लेनमधील रहिवाशांनी १९९० च्या दशकात आपली गल्ली स्वतः सांभाळून दाखवली, त्यातून महापालिकेची परिसर व्यवस्थापनाची योजना उभी राहिली आणि आमच्यासारखे कितीतरी संघ त्या उत्साहात जन्मले. तेव्हा अधिकारी बैठकीला खाली येऊन बसत. आज संघाचे पत्र आवक विभागाचा शिक्का घेते आणि तिथेच विसावते.

७४ वी घटनादुरुस्ती १९९३ पासून अमलात आहे. महापालिकेची मुदत संपण्याआधी निवडणूक घ्यावी, असे त्यात स्वच्छ लिहिले आहे. मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली आणि निवडणूक जानेवारी २०२६ मध्ये झाली. मधल्या पावणेचार वर्षांहून अधिक काळात २२७ प्रभागांत एकही नगरसेवक नव्हता. आमचे मैदान याच काळात गेले. त्या काळात कारभार पाहणाऱ्या, शासनाने नेमलेल्या प्रशासकाला आम्ही निवडले नव्हते, त्यामुळे जाब कुणाला विचारायचा हा प्रश्नच आपण सोडवून टाकला होता. आता नगरसेवक आले आहेत. फ्लेक्सवर तेही पासपोर्ट आकारात आहेत.

२००९ मध्ये आपल्याच विधिमंडळाने कायद्यात दुरुस्ती करून शहरांत क्षेत्रसभेची तरतूद केली. मतदारांनी एकत्र बसायचे, आपल्या भागात कोणती कामे हवीत ते सांगायचे, झालेल्या कामांची विचारपूस करायची, अशी ती कल्पना. गावाला ग्रामसभा आहे, तशी शहरातल्या माणसालाही बसायला जागा असावी म्हणून केलेला हा कायदा. आमच्या वसाहतीत क्षेत्रसभेची नोटीस आजपर्यंत एकदाही लागलेली नाही. लागली असती तर फळ्यावर ती मीच लिहिली असती. कायदा करायचा, त्याबद्दल पाठ थोपटून घ्यायची आणि मग तो कपाटात ठेवून लोकांना ‘जनता दरबार’ भरवायचा, ही आपली सर्वपक्षीय रीत आहे. यात आपल्या पक्षाला वेगळे काढून मी त्यांच्यावर अन्याय करू इच्छित नाही. दरबारात माणूस अर्ज घेऊन उभा राहतो, सभेत तो खुर्चीवर बसतो. हा फरक कोणत्याच पक्षाला सोसत नाही.

मुंबई महाराष्ट्राला मिळावी म्हणून याच शहरातली साधी माणसे रस्त्यावर उतरली आणि १ मे १९६० उजाडला. माझे सासरे त्या मोर्चांत होते. ते मैदानावरच्या आमच्या छोट्या ध्वजवंदनाला अखेरपर्यंत इस्त्रीचे धोतर नेसून येत असत. त्या दिवशी आता तिथे वाद्यवृंद आणि भाग्यवान सोडत असेल. सोडतीत पैठणी आहे असे फ्लेक्सवर लिहिले आहे.

मागण्या थोड्या आहेत. पाइप आणि पेव्हर ब्लॉक मैदानाबाहेर न्यावेत, दुसऱ्या कोपऱ्यात नव्हे. मैदान कोणत्या करारावर दिले तो कागद दाखवावा. १ मे रोजी दुपारपर्यंत मांडवाची जागा आमच्या कार्यक्रमाला मिळावी. आपला महोत्सव संध्याकाळी सुरू होतो, तेव्हा यात आपले काही जात नाही. वसाहतीत वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेला बसणारी मुले आहेत, त्यामुळे ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद राहतील आणि निवासी भागासाठीची दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबलची मर्यादा पाळली जाईल, हे आयोजकांना लेखी कळवावे. आणि क्षेत्रसभेची पहिली नोटीस पावसाळ्यापूर्वी निघावी.

रक्तदान शिबिर आम्ही वाहनतळात घेत आहोत. खाटा मिळाल्या आहेत, पंखे रहिवासी आपापल्या घरून आणतील. १ मेच्या ध्वजवंदनाची आणि शर्यतींची वेळ सकाळी सातचीच आहे. मैदान मिळाले तर मैदानात, नाही मिळाले तर फाटकासमोरच्या गल्लीत, आणि त्यासाठी गल्ली दोन तास बंद ठेवण्याच्या परवानगीचा अर्ज आज पोलीस ठाण्यात दिला आहे. त्याची प्रत या पत्रासोबत आपल्या कार्यालयाला पाठवत आहे. पोच द्यावी.

आपली,
रहिवासी संघाची सचिव