लॅबमधल्या ताई, बाबांच्या रक्तासाठी थांबलात, त्याबद्दल

ताई, तुमचं नाव इथे लिहीत नाही पण तुम्ही वाचलंत तर ओळखाल, डायबेटिसवाले बाबा, टीबीच्या औषधांची रक्तातली लेव्हल बघायला आलेले, त्यांचा मी मुलगा.

दोन महिने झाले तरी बाबांची थुंकी पॉझिटिव्हच येत होती. सीबीनॅटमध्ये, म्हणजे थुंकीतले टीबीचे जंतू औषधाला दाद देतात का ते बघायच्या टेस्टमध्ये, जंतू रिफाम्पिसिनला (टीबीचं एक मुख्य औषध) दाद देणारे निघाले होते, म्हणजे औषध बरोबर होतं. मग जो तो बाबांकडेच बघायला लागला, नातेवाईक तर तोंडावर विचारायचे की गोळ्या खरंच घेता ना? बाबा बिचारे सांगायचे की अरे लघवी केशरी होते, बघा हवं तर! पण त्याने गोळी पोटात गेली एवढंच कळतं, रक्तात किती पोचली ते नाही.

हे मला तुम्ही सांगितलंत. सकाळी उपाशीपोटी बाबांनी तुमच्यासमोर चार गोळ्या घेतल्या, तुम्ही घड्याळ बघून वेळ लिहिली, दोन तासांनी पहिलं सॅम्पल आणि सहा तासांनी दुसरं. दुसरं कशाला म्हटल्यावर तुम्ही हातातलं काम ठेवून समजावलंत, की काहींच्या आतड्यात औषध उशिरा शोषलं जातं तेव्हा दोन तासांना कमी आणि सहाला जास्त दिसतं, पण दोन्ही वेळेला कमी असेल तर मुळात नीट शोषलंच जात नाहीये. पहिलं सॅम्पल झाल्या झाल्या बाबांना आधी खाऊन घ्या म्हणालात, शुगर उतरेल म्हणून. ट्यूब लगेच सेंट्रिफ्यूजला लावलीत, प्लाझ्मा, म्हणजे रक्ताचा वरचा पातळ भाग, वेगळा केला आणि उणे 80 च्या फ्रीझरमध्ये, कारण आयसोनियाझिड (टीबीचं दुसरं औषध) रक्तात तसंच पडून राहिलं तर कमी होत जातं आणि आकडा खोटा येतो. दुसऱ्या सॅम्पलपर्यंत तुमची ड्युटी संपली होती, तरी थांबलात. हे मी विसरणार नाही.

रिपोर्टमध्ये आयसोनियाझिड ठीक होतं. रिफाम्पिसिन दोन तासांना दर मिलिलिटरला 8 ते 24 मायक्रोग्रॅम पाहिजे, बाबांचं 3 च्या आसपास, आणि सहा तासांना त्याहूनही कमी. डॉक्टर म्हणाले डायबेटिसवाल्यांमध्ये असं दिसतं, शिवाय रिफाम्पिसिन शुगरच्या काही गोळ्यांचा असरही कमी करतं, म्हणून इन्सुलिन सुरू केलं आणि रिफाम्पिसिनचा डोस वाढवला, लिव्हरच्या टेस्ट करत करत. परत लेव्हल केली तर रेंजमध्ये आली आणि पुढचं कल्चर (थुंकीतले जंतू वाढतात का ते बघायची टेस्ट) निगेटिव्ह!

पण खरं सांगू का, मला सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती बाबांच्या मानेची. तो पहिला रिपोर्ट त्यांनी घडी करून खिशात ठेवला होता आणि जो भेटेल त्याला दाखवत होते, बघा मी एकही गोळी चुकवलेली नाही. खाली गेलेली मान वर आली.

गोळ्या नीट घेऊनही ज्यांची थुंकी निगेटिव्ह होत नाही, विशेषतः ज्यांना शुगर किंवा एचआयव्ही आहे, त्यांच्या घरच्यांनी पेशंटला बोल लावण्याआधी डॉक्टरांना या टेस्टबद्दल नक्की विचारा. सगळीकडे होत नाही ही टेस्ट, व्हायला हवी, चेन्नईच्या क्षयरोग संशोधन संस्थेत तर यावर कितीतरी वर्षं काम चालू आहे, मग जिल्ह्याच्या पेशंटचं किमान सॅम्पल तरी तिथवर नीट पोचावं.

ताई, मनापासून थँक्यू. बाबांनी नमस्कार सांगितलाय, औषधं अजून चालू आहेत, वजन वाढतंय.