‘पिंग येतंय की!’ म्हणून फोन चालत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या करिअर पुरवणीत नेटवर्किंगच्या वाटांवर आलेला लेख वाचला. राऊटर, स्विच, क्लाऊड, सायबर सुरक्षा सगळं आहे, पण इंटरनेटवरून चालणाऱ्या टेलिफोनीला एक ओळही नाही. मी १९८८ साली टेलिफोन खात्यात लागलो. सी-डॉट या सरकारी संस्थेच्या १२८ लाइनच्या खेड्यातल्या एक्स्चेंजवर हात काळे केले आणि ३१ जानेवारी २०२० रोजी स्वेच्छानिवृत्ती घेऊन बीएसएनएलमधून बाहेर पडलो. फोन गाळलेला दिसला की मला राहवत नाही, हे आधीच कबूल करतो.

माझी भाची इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमा झाली. पुढे पुण्यात एका क्लासमध्ये सहा महिन्यांचा नेटवर्किंगचा कोर्स केला, ४५ हजार रुपये भरून. सबनेटिंग तोंडपाठ, व्हीलॅन झोपेतही सांगेल. व्हॉइसचं, म्हणजे नेटवर्कवरून चालणाऱ्या फोनचं, प्रकरण आलं तेव्हा सर म्हणाले, ‘परीक्षेला एखादा प्रश्न येतो, सोडा.’ सहा महिन्यांत त्या वर्गात खरा फोन कुणी हातात धरला नाही.

गेल्या एप्रिलमध्ये आमच्या तासगावातल्या एका बेदाण्याच्या कोल्ड स्टोअरेजवर नवीन आयपी फोन, म्हणजे इंटरनेटवरून चालणारे फोन, आणि ते जोडणारं एक्स्चेंजचं मशीन बसवलं. घंटी वाजायची, फोन उचलला जायचा, आणि मालक ओरडायचे, ‘आमचं त्यांना ऐकू जातंय, त्यांचं आम्हाला नाही!’ ज्याने मशीन बसवलं तो फोन उचलेना. मी भाचीला घेऊन गेलो. तिने लॅपटॉप उघडून सगळीकडे पिंग मारलं आणि म्हणाली, ‘मामा, पिंग तर येतंय की!’

मी म्हटलं, बाई, पिंग म्हणजे दार वाजवून बघणं. आत कोण काय बोलतंय ते त्यात कळत नाही.

मग एक्स्चेंजच्या मशीनवरच पॅकेट, म्हणजे नेटवर्कवरून जाणारी माहितीची पुडकी, पकडली आणि ती तपासायच्या वायरशार्क नावाच्या प्रोग्रॅममध्ये उघडली. कॉल जोडायचं बोलणं, म्हणजे एसआयपी, दोन्ही बाजूंनी व्यवस्थित चाललं होतं. आवाज वाहणारी आरटीपीची पॅकेट मात्र एकाच दिशेने, बाहेर जाणारी. कॉल लावताना आपलं मशीन समोरच्याला कळवतं, ‘आवाज या पत्त्यावर पाठवा.’ त्या ओळीत पत्ता होता १९२.१६८.१.२०. म्हणजे गोदामाच्या आतला, खाजगी. आंतर्देशीय पत्रावर ‘मधल्या गल्लीतलं तिसरं घर’ एवढंच लिहिलं आणि गावाचं नाव विसरलं, तर पोस्टमन काय करणार? घंटी वाजत होती, कारण कॉल जोडणीचं उत्तर आलेल्या वाटेनेच परत येतं. आवाज मात्र कागदावरचा पत्ता बघून निघतो. मशीनला बाहेरचा पत्ता सांगितला, राऊटरमधली एसआयपी एएलजी नावाची, या पत्त्यांत आपणहून ढवळाढवळ करणारी नसती मदत बंद केली, आणि मालकांना पलीकडचा व्यापारी ऐकू आला. पहिलं वाक्य दराबद्दलचंच होतं.

आतल्या खाजगी पत्त्याच्या जागी राऊटर बाहेरचा पत्ता लावतो, त्याला नॅट म्हणतात. हा शब्द भाचीने सहा महिन्यांत शंभरदा लिहिला असेल. तो समजला त्या दिवशी.

संपादक महाराज, माझं म्हणणं एवढंच आहे: नेटवर्किंग शिकायचं तर व्हॉइस शिका, कारण आवाज नेटवर्कची लबाडी खपवून घेत नाही. ईमेल दोन सेकंद उशिरा आली तर कुणाला पत्ता लागत नाही. आवाजाचं तसं नाही. सेकंदाला ८००० वेळा मोजलेला आवाज, दर मोजणीला ८ बिट, म्हणजे ६४ केबीपीएस. हा हिशोब आमच्या डिजिटल एक्स्चेंजमध्ये होता आणि आजच्या जी.७११ या आवाज आकड्यांत मांडायच्या पद्धतीतही तोच आहे. फरक एवढाच की आता आवाजाचे २०-२० मिलिसेकंदांचे तुकडे करून पाठवतात. सेकंदाला ५० पॅकेट, प्रत्येकात १६० बाइट आवाज आणि वर ४० बाइट नुसते पत्ते. धरा ८० केबीपीएस, एका बाजूचे. यातलं एखादं पॅकेट उशिरा आलं तर ते मुहूर्त टळल्यावर आलेल्या भटजीसारखं, त्याचा उपयोग नाही. तोंडापासून कानापर्यंत १५० मिलिसेकंदांच्या आत आवाज पोचावा, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचं मार्गदर्शन आहे. त्यापलीकडे फार गेलं की माणसं एकमेकांच्या बोलण्यात बोलू लागतात आणि ‘तुम्ही बोला, तुम्ही बोला’ सुरू होतं.

त्याच गोदामात दुसरा त्रास निघाला. सौद्याच्या वेळी दुपारी आवाज तुटायचा. मी रिसीव्हर कानाला लावला. जुन्या लाइनवर खरखर आली की आम्ही समजायचो, केबलच्या जोडात पाणी शिरलंय किंवा एमडीएफवर, म्हणजे एक्स्चेंजमधल्या तारा जोडायच्या चौकटीवर, जंपर ढिला आहे. ही खरखर नव्हती. शब्दाच्या मधला तुकडाच गायब. म्हटलं, पॅकेट गळतायत, आणि तीही आपल्याकडून जाताना. भाचीने आलेख काढला तर तेच. कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग क्लाऊडवर चढत होतं, पोरं लॉटचे फोटो-व्हिडिओ व्यापाऱ्यांना पाठवत होती, आणि अपलोडची वाट तुंबली होती. क्यूओएसचं, म्हणजे कुठल्या पॅकेटला आधी जाऊ द्यायचं याचं, प्रकरण तिने वाचलं होतं. आवाजाच्या पॅकेटवर ईएफ, म्हणजे ४६ चा शिक्का मारायचा, हेही माहीत होतं. पण तो शिक्का बाहेरच्या इंटरनेटवर कुणी मानेल याची खात्री नसते, रांग आपल्याच राऊटरच्या तोंडाशी लागते आणि आवाजाला पुढे काढायचं ते तिथेच, हे समजायला ती दुपार लागली.

घरी सराव करायला खर्च नाही. जुना कॉम्प्युटर घ्या, त्यावर लिनक्स आणि अ‍ॅस्टरिस्क टाका. अमेरिकेत मार्क स्पेन्सर नावाच्या तरुणाने १९९९ मध्ये लिहिलेलं हे एक्स्चेंज फुकट मिळतं. दोन मोबाइलवर लिनफोनसारखं अ‍ॅप टाकून १०१ वरून १०२ ला फोन लावा. भाचीला पहिल्याच दिवशी ४०१ दिसलं आणि ती घाबरली, पासवर्ड चुकला म्हणून. तो नकार नसतो, ‘ओळख पटवा’ एवढंच मशीन विचारतं. पुढच्या फेरीला २०० ओके येतं. यूट्यूबवरचे जुने व्हिडिओ बघणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं. त्यात एसआयपी हाताळणारं जुनं चॅन-एसआयपी असतं, ते अ‍ॅस्टरिस्क २१ पासून काढून टाकलंय. त्याच्या जागचं पीजेसिप शिका. आणि आवाज आकड्यांत मांडायचा नियम अमेरिकन धड्यांत म्यू-लॉ असतो, आपल्याकडे ए-लॉ चालतो.

माझी एक चूक सांगतो. पहिलं मशीन लावलं तेव्हा बाहेरून फोन लागतो का बघायला ५०६० पोर्ट, म्हणजे एसआयपीचं दार, सरळ इंटरनेटला उघडं ठेवलं आणि चहाला गेलो. परत येऊन बघतो तर जगातून कोण कोण १०० नंबरला १०० पासवर्ड लावून बघत होतं. लॉग पानांमागून पानं. ट्रंक, म्हणजे बाहेर फोन लावायची लाइन, जोडलेली असती तर रात्रीत परदेशी कॉलचं बिल आलं असतं. पोरांनो, पासवर्ड लांब ठेवा, फायरवॉल आधी लावा.

आणखी एक, जरा गंभीर. ‘घरात एक सिम लावायचं मशीन ठेवा, महिन्याला भाडं मिळेल’ असं कुणी सांगत आलं तर हाकलून द्या. परदेशातून इंटरनेटवरून आलेले कॉल चोरून इथल्या फोनवर उतरवण्याचा तो धंदा आहे, आणि त्यात पोलीस पकडतात. सार्वजनिक फोन नेटवर्कशी जोडणी परवानाधारक कंपनीकडूनच घ्यायची असते. घरातल्या घरात १०१ ते १०२ बोलायला कुणी अडवत नाही.

नोकरीचं खरं तेच सांगतो. नुसता ‘फोनवाला’ म्हणून जागा आता थोड्या आहेत. सिस्को या नेटवर्किंग कंपनीनेही सीसीएनए कोलॅबरेशन हे व्हॉइसचं पहिल्या पायरीचं प्रमाणपत्र फेब्रुवारी २०२० मध्ये बंद केलं. आता तो विषय वरच्या, सीसीएनपीच्या पायरीवर आहे. बरीच ऑफिसं टीम्स, झूमवर गेली. पण तिथेही आवाज तुटला की बोलावतात नेटवर्कवाल्यालाच, आणि तो पिंग मारून हात वर करतो. भाची आता पुण्यात एका कॉल सेंटरमध्ये आहे. मुलाखतीत विचारलं, ‘एका बाजूचाच आवाज येत असेल तर काय बघाल?’ तिने बेदाण्याचं गोदाम सांगितलं.

तेव्हा पुढच्या पुरवणीत या विषयाला अर्धं पान द्यावं ही विनंती. माझ्याकडे तीन जुने आयपी फोन पडून आहेत. जवळपासच्या एखाद्या आयटीआय किंवा पॉलिटेक्निकला सरावासाठी हवे असतील तर घेऊन जावेत, पैसे नकोत. त्यातल्या एकाचं ४ चं बटण दोनदा दाबावं लागतं, तेवढं सांभाळून घ्या.

आपला,
एक निवृत्त टेलिफोन मेकॅनिक
तासगाव, जि. सांगली