कुड्याच्या बिया द्या, श्रमदानाला या, जमलं तर वर्गणीही द्या

खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावचे ग्रामस्थ, माहेरवाशिणी आणि गोवा, पुणे, मुंबईत पोटापाण्यासाठी गेलेली सगळी मंडळी यांना देवस्थान पंच कमिटी व युवक मंडळाचा नमस्कार.

देवळाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना आणि मागच्या माळावर येत्या मृगात कुड्याची झाडं, काळा आणि पांढरा दोन्ही, लावायचं ठरलंय. बैठकीत आधी गुलमोहराचं नाव निघालं. दिसतो छान, पण तो मूळचा मादागास्करचा, फांदी ठिसूळ, आणि आपल्याकडचा आषाढातला वारा तुम्हाला ठाऊक आहेच. मग कुणी नर्सरीतली पांढऱ्या फुलांची झुडपं सुचवली. ती श्रीलंकेकडची राइटिया. आपला काळा कुडाही राइटियाच, जात तेवढी वेगळी, आणि शिवारात आपसूक उगवणारा. मग विकत कशाला आणायचं?

चैत्राच्या सुमारास कोवळ्या पालवीबरोबर काळा कुडा पांढऱ्या झुबक्यांनी भरतो. फूल हातात घेऊन बघा, मधोमध सुताची दशी काढावी तशी बारीक झालर असते. पांढऱ्या कुड्याच्या फुलात ती नसते. चन्नपट्टणची लाकडी खेळणी याच काळ्या कुड्याच्या लाकडाची, आणि पानांतून पूर्वी निळा रंग काढत. औषधाचा कुडा मात्र पांढरा. त्याच्या सालीत काळ्याची साल मिसळून बाजारात खपवतात, म्हणून दोन्हींच्या बिया वेगवेगळ्या पिशव्यांत भरून वर नाव घालून द्या. खात्री नसेल तर शेंगेसोबत डहाळी आणा, मंडळातली जाणती माणसं ओळखतील.

शेंगा जोडीनं लोंबतात. तपकिरी झाल्या की उकलायच्या आत काढा. एकदा उकलल्या की रेशमी झुपक्यासकट बी वाऱ्यावर जातं. झाडाची साल कुणीही काढू नये. हौशीनं चारी बाजूंनी सोललेलं झाड वाळतं, हे आपण पाहिलंय.

माळावर पांढरा कुडा लावणार. चिकामुळे ढोरंच काय, शेळ्यासुद्धा त्याला सहसा तोंड लावत नाहीत, त्यामुळे तिथं लोखंडी जाळ्यांवर खर्च नाही. रस्त्याकडेच्या रोपांना काटेरी कुंपण करू. पैसे लागतील ते पिशव्या, शेणखत आणि पहिल्या दोन उन्हाळ्यांतल्या पाण्याच्या टँकरला. माळावर दरवर्षी वणवा येतो, तेव्हा माघ-फाल्गुनात गवत कापून जाळरेषा, म्हणजे आग अडवणारा मोकळा पट्टा, काढायला माणसंही हवीत. खरं सांगायचं तर पैशापेक्षा हीच मदत मिळत नाही.

वर्गणी 100 रुपयांपासून पुढे, ऐपतीप्रमाणे. टँकरचा एक फेरा किंवा शेणखताची गाडी दिली तरी चालेल. बिया, खत आणि रोख रक्कम संध्याकाळच्या आरतीनंतर देवळाच्या सभामंडपात स्वीकारली जाईल. बाहेरगावच्यांनी घरच्या माणसाकरवी पाठवावी. जमाखर्च दर अमावस्येला फळ्यावर लिहू. पावती मागून घ्या; पावतीशिवाय कुणाच्याही हातात पैसे देऊ नयेत.