जहाजावरच्या लिलावात घेतलेल्या दोन चित्रांबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी,
जहाजांवरील कला-लिलाव विभाग

विषय : भूमध्य समुद्रातील सफरीत घेतलेल्या दोन चित्रांचा व्यवहार रद्द करून पूर्ण रक्कम परत मिळण्याबाबत

महोदय,

बार्सिलोनाहून सुटलेल्या सफरीत, जहाज कुठल्याही बंदराला लागणार नव्हते त्या दिवशी, दुपारच्या लिलावात आम्ही दोन चित्रे घेतली. पावतीवर पहिल्याचे वर्णन ‘साल्वादोर दाली, डिव्हाइन कॉमेडी, मूळ वुड एनग्रेव्हिंग, स्वाक्षरीसह’ असे आहे, तर दुसऱ्याचे ‘कॅनव्हासवरील पेंटिंग, हाताने रंगकाम केलेले’ असे. दोन्ही वर्णने चुकीची आहेत. फोनवर आपल्या प्रतिनिधींनी प्रत्येक वेळी ‘अस्सलपणाचे प्रमाणपत्र मिळाले आहे ना?’ एवढेच विचारले, म्हणून सगळे लेखी मांडत आहोत.

आधी दालीचे पान. इटालियन कवी दान्तेच्या जन्माला १९६५ मध्ये ७०० वर्षे होणार होती, त्यानिमित्त इटलीच्या सरकारने दालीला त्याच्या ‘डिव्हाइन कॉमेडी’ या महाकाव्यासाठी चित्रे काढण्याचे काम दिले. स्पॅनिश चित्रकाराला ते दिल्यावरून तिथे ओरड झाली आणि सरकारने अंग काढून घेतले. दालीने १०० जलरंगचित्रे केली. पुढे पॅरिसच्या प्रकाशकाने त्यांवरून लाकडी ठसे करवून घेतले. सुमारे ३,५०० ठसे लागले आणि ते दालीने नव्हे, कसबी कोरक्यांनी कोरले. ग्रंथाची पाने शिवलेली नव्हती, सुटीच खोक्यात ठेवलेली होती. म्हणून आज ती एकेक करून विकता येतात. अशा प्रती हजारोंनी निघाल्या.

या पानाला आम्ही कमी लेखत नाही. पाण्यात पसरलेला रंग लाकडातून एकावर एक ठसे छापून उतरवणे फार अवघड काम आहे आणि ते उत्तम झाले आहे. पण ग्रंथातले पान हे ग्रंथातले पान म्हणूनच विकले पाहिजे. बिनस्वाक्षरीची अशी पाने जमिनीवरच्या लिलावांत काहीशे डॉलरला सहज मिळतात. आपण १,४०० डॉलर घेतलेत ते ‘स्वाक्षरीसह’ या शब्दाच्या बळावर.

ती स्वाक्षरी पेन्सिलीची नाहीच. पुण्यात फ्रेमवाल्याकडे चौकट उघडून पान १० पटीच्या भिंगाखाली पाहिले. पेन्सिलीची रेघ कागदाच्या तंतूंवर तुटत तुटत चालते आणि तिरप्या उजेडात तिला राखाडी चमक येते. इथे तसे काहीच नाही. सही शेजारच्या रंगासारखीच शाईची आहे, म्हणजे ठशातच कोरलेली. ‘ठशात सही’ आणि ‘हाताने केलेली सही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पावतीवर त्यांतली कोणती ते लिहिणे विक्रेत्याचेच काम आहे.

यावर आपण पेन्सिलीची सही असलेली दुसरी प्रत बदलून देऊ केलीत. ती आम्हाला नको. १९७४ मध्ये फ्रेंच कस्टमने एका ट्रकमध्ये दालीच्या सह्या असलेले सुमारे ४०,००० कोरे कागद पकडले होते. तेव्हापासून दालीच्या पेन्सिल सहीला, ती खरी असली तरी, एकटीला फारसा अर्थ उरलेला नाही. कागद कोणता, छापला कोणी, कधी, अल्बर्ट फील्ड यांनी केलेल्या दालीच्या प्रिंटच्या सूचीत नोंद कोणती, मधल्या काळात पान कोणाकडे होते, हे सगळे हवे. देऊ केलेल्या प्रतीबरोबर यांतले काहीही नव्हते.

शिवाय आम्ही घेतलेल्या पानाची घरी आलेली प्रत आम्ही जहाजावर पाहिलेली नव्हतीच. ईझलवर (चित्र टेकवायच्या स्टँडवर) होती ती नमुन्याची, घरी आली ती गोदामातली. पान मुळात साधारण ३३ बाय २६ सेंटिमीटरचे असते. आमचे माउंटमध्ये (चौकटीतल्या पुठ्ठ्याच्या किनारीत) बसवण्यासाठी चारही बाजूंनी कापलेले आहे आणि मागे चिकटपट्टीचे तपकिरी डाग कागदात उतरले आहेत. माउंटखाली झाकलेल्या समासात काय आहे, हे जहाजावर ग्राहकाला दिसतच नाही. विचारले तेव्हा चौकट उघडता येणार नाही असे सांगण्यात आले.

दुसरे चित्र म्हणजे जिक्ले, साध्या भाषेत इंकजेट प्रिंट. भिंगाखाली शाईचे बारीक ठिपके सरळ दिसतात. वर पारदर्शक जेलचे ब्रशचे फटकारे आहेत, पण ते चित्रातल्या आकारांच्या कडेने जात नाहीत, आडवे ओलांडून जातात. ते कोणी मारले हे प्रमाणपत्रात नाही. क्रमांक १८७/३०० आहे. म्हणजे एकूण ३०० प्रती, असे ग्राहक समजतो. प्रत्यक्षात याच चित्राच्या चित्रकाराच्या प्रती, छापखान्याच्या प्रती, शिवाय कागदावरची आणि लहान आकाराची आवृत्तीही आपल्याच यादीत आहे. सगळ्या मिळून किती, हे आम्हाला लेखी हवे.

हा शब्दांचा कीस नाही, हे कस्टममध्ये कळले. कस्टमच्या दरसूचीत शीर्ष ९७०१ मध्ये चित्रांपैकी फक्त संपूर्णपणे हाताने केलेलीच येतात. ९७०२ मध्ये येणारे प्रिंट चित्रकाराने स्वतः पूर्णपणे हाताने केलेल्या प्लेटवरून थेट घेतलेले असावे लागतात, यांत्रिक किंवा फोटोयांत्रिक पद्धत चालत नाही. आपल्या पावतीवर ‘पेंटिंग’ आणि ‘मूळ’ लिहिलेले, मालात मात्र इंकजेट प्रिंट आणि दुसऱ्याने कोरलेल्या ठशांवरचे पान. पावतीप्रमाणे जाहीर केले तर खोटी माहिती दिल्याचा ठपका ग्राहकावर येतो. आमच्या कस्टम एजंटने ही गोष्ट लक्षात आणून दिली म्हणून आम्ही वाचलो.

आता किमतीबद्दल. हातोड्याची रक्कम, म्हणजे अखेरची बोली, १,४०० आणि २,२०० मिळून ३,६०० डॉलर. त्यावर १५ टक्के खरेदीदाराचा अधिभार ५४०, चौकटी व पाठवणी ३१०, मूल्यांकन शुल्क प्रत्येकी ३५ म्हणजे ७०. एकूण ४,५२० डॉलर. ज्याने विकले त्यानेच पैसे घेऊन केलेल्या मूल्यांकनात दोन्हींची किंमत आम्ही दिलेल्या रकमेच्या दुपटीहून जास्त दाखवली आहे. तो आकडा विम्यासाठी, म्हणजे हीच वस्तू दुकानातून नवी घ्यावी लागली तर काय पडेल याचा. विकायला गेल्यावर काय मिळेल याचा तो नव्हे. हा फरक लिलावात एकदाही सांगितला गेला नाही. आमच्या बोलीनंतर ‘याच भावात आणखी कोणाला?’ असे विचारून त्याच चित्राच्या आणखी चार प्रती विकल्या गेल्या. लिलावात भाव चढतो तो वस्तू एक आणि घेणारे अनेक असतात म्हणून. गोदामात हवी तेवढी वस्तू असताना बोली लावायला सांगणे म्हणजे ठरवलेल्या किमतीला लिलावाचा वेष चढवणे.

लोक तरीही का घेतात, हे आम्ही नाकारत नाही. जन्मात कधी गॅलरीत पाऊल न टाकलेली माणसे तिथे हातभर अंतरावरून चित्र पाहतात, संकोच न करता प्रश्न विचारतात. आपल्या लिलावकर्त्याने एचिंग आणि लिथोग्राफ या छपाईच्या दोन पद्धतींतला फरक सुरेख समजावून सांगितला. ही गोष्ट मोलाची आहे. पण त्याच सभागृहात शॅम्पेन फुकट, इंटरनेट महाग आणि संथ, आणि पैसे थेट केबिनच्या खात्यावर. तिथे भाव पडताळायला ग्राहकाला कोणतेही साधन नसते. म्हणून पावतीवरच्या शब्दांची जबाबदारी जमिनीवरच्या दुकानापेक्षा जास्तच ठरते.

व्यवहार आंतरराष्ट्रीय समुद्रात झाला आणि अटींनुसार वाद परदेशी लवादाकडे जाईल, असे आपल्या ईमेलमध्ये आहे. चुकीचे वर्णन समुद्रात केल्याने बरोबर होत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार राहतो त्या ठिकाणच्या आयोगाकडे तक्रार करता येते. बँकेकडे कार्डाचा व्यवहार उलटवण्याचा अर्जही तयार आहे. त्याला मुदत असते, म्हणून हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत उत्तर द्यावे. ४,५२० डॉलर परत करावेत, जहाजावर खर्च करण्याचे क्रेडिट आम्हाला नको. दोन्ही चित्रे आपल्या खर्चाने उचलून न्यावीत. आम्ही ती आम्लमुक्त कागदात, सपाट, दोन कडक पुठ्ठ्यांमध्ये ठेवली आहेत. नेणाऱ्याने गुंडाळी करू नये.

आपले,
दोन ग्राहक, पुणे

सोबत : पावतीची प्रत, दोन्ही प्रमाणपत्रे, मूल्यांकनपत्रे, भिंगाखालची ६ छायाचित्रे, कापलेल्या समासाची मापे, कस्टम एजंटचे पत्र