ताई, गाडी आता थांबते

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

माझ्या उंच केलेल्या गाडीच्या ब्रेकचं काम झालं त्या दिवशी आभार मानायला लागलो, तर "आधी पॅड बसू द्या, मग बघू" म्हणून तुम्ही मला उडवून लावलंत. नवे पॅड डिस्कवर घासून नीट बसले. तेव्हा आता ऐकून घ्या. सगळ्यांना वाचता येईल असं मुद्दाम लिहितोय. गाडीखाली दणकट एक्सल (दोन चाकांना जोडणारा आडवा भाग) टाकणारा माणूस गिअर रेशोवर तासन्‌तास बोलतो, लॉकर (एक्सलची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा) कोणता घ्यावा यावर भांडतो, आणि ब्रेकचा विषय निघाला की "पाइप जोडले की झालं" म्हणतो. तुम्ही तसं होऊ दिलं नाहीत.

गाडी तुमच्याकडे आली तेव्हा दोन्ही एक्सल बसलेले होते. पुढे मागे डिस्क ब्रेक, म्हणजे चाकासोबत फिरणारी तबकडी पॅड चिमटीत धरतात. जुन्या एक्सलला मागे ड्रम होते, म्हणजे डब्याला आतून दाबणारे ब्रेक. पहिल्या दाबाला पेडल जवळपास तळाला जायचं, दुसऱ्या दाबाला वर यायचं. ज्याला विचारावं त्याच्याकडे औषध तयार! कोणी म्हणे मोठा बूस्टर टाक, कोणी म्हणे मिळेल तो सगळ्यात मोठा मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की लाइनमध्ये ऑइल ढकलणारा) टाक. तुम्ही एकच विचारलंत, "कॅलिपरचा पिस्टन किती मिलिमीटरचा आहे?" कॅलिपर म्हणजे डिस्कवर पॅड दाबणारा भाग, पिस्टन त्यातला दट्ट्या; तोपर्यंत तो कोणी मोजलाच नव्हता.

मग तुम्ही व्हर्नियर घेऊन बसलात आणि पॅडच्या रिकाम्या खोक्यावर हिशोब मांडलात. ते खोकं मी जपून ठेवलंय. जुन्या पुढच्या कॅलिपरला 60 मिलिमीटरचा एक पिस्टन, नव्याला 54 चे दोन. क्षेत्रफळ काढलं तर नव्याचं जुन्याच्या 1.62 पट. म्हणजे पॅड तेवढेच सरकवायला ऑइल 62 टक्के जास्त लागणार, आणि ते पुरवायला तोच जुना 22.2 मिलिमीटरचा सिलिंडर. पेडल तळाला जाणार नाही तर काय! बूस्टरने पायाचा जोर वाढतो, ऑइल वाढत नाही, हे तुम्ही तिथेच सांगितलंत आणि बूस्टरचा विषय मिटला.

सगळ्यात मोठा सिलिंडर का नको, हे मला त्या खोक्यावरच नीट कळलं. व्यास जरासा वाढला तरी क्षेत्रफळ वर्गाने वाढतं. 31.75 मिलिमीटरचा टाकला असता तर क्षेत्रफळ दुपटीच्या थोडं वर गेलं असतं, आणि पायाचा जोर तेवढाच धरला तर लाइनमधला दाब निम्म्याच्याही खाली आला असता. पेडल दगडासारखं कडक, वर वर बघणाऱ्याला वाटणार ब्रेक काय झकास आहेत, आणि उतारावर गाडी पुढेच. तुम्ही 25.4 वर बोट ठेवलंत. क्षेत्रफळ 31 टक्के जास्त, म्हणजे पेडल पूर्वीपेक्षा थोडं खोल जाणार पण आवाक्यात राहणार, आणि पॅडची पकड 24 टक्के वाढणार. टायर 29 इंचांवरून 35 वर गेलेले, त्यांना तेवढंच थांबवायला साधारण 21 टक्के जास्त जोर हवा. दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहून तुम्ही खाली रेघ ओढलीत. डिस्कचा व्यास जवळपास तोच होता म्हणून इतकं सरळ जमलं, हेही बजावलंत. सिलिंडर चारही चाकांना डिस्क असलेल्या गाडीचाच घ्यायला लावलात, कारण पॅड झिजतात तसे पिस्टन बाहेर येतात, टाकीतलं ऑइल खाली उतरतं, आणि ड्रमच्या हिशोबाची छोटी टाकी त्याला पुरत नाही.

नवा सिलिंडर येईपर्यंत जुनाच लावून गाडी आवारात हलवत होतो, तर मागच्या डिस्क हात लावता येणार नाहीत इतक्या तापायच्या. मी कॅलिपरवर संशय घेत होतो. तुम्ही जुना सिलिंडर उतरवलात, मागच्या लाइनच्या भोकात टॉर्च मारलात आणि एक बारीक तार आत घातलीत. पुढच्या भोकात तार सरळ खोल गेली. मागच्यात पितळी सीटच्या जरा आत जाऊन मऊ काहीतरी लागलं नि थांबली. रेसिड्युअल व्हॉल्व्ह. ड्रमच्या ब्रेकला लाइनमध्ये साधारण 10 पीएसआय दाब धरून ठेवतो, म्हणजे चाकातल्या सिलिंडरच्या रबरी कपांच्या कडेने हवा आत शिरत नाही. ड्रमला परत ओढणाऱ्या स्प्रिंगा असतात, त्यांना तेवढा दाब काहीच नाही. डिस्कला स्प्रिंग नाही. पॅड चिकटून घासत राहतात. ती तार आत थांबलेली मला तुम्ही स्वतःच्या हाताने जाणवून बघायला लावलीत. शंभर वेळा वाचून ते डोक्यात गेलं नसतं.

नवा सिलिंडर बसवतानाही बूस्टरच्या दांड्याच्या टोकाला पुट्टीचा गोळा लावून मोकळीक तपासलीत. दांडा लांब पडला तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही, ऑइल टाकीत परतत नाही, आणि पुन्हा ब्रेक चिकटणार. हे काम किती जण करतात देव जाणे.

तरी पेडल थोडं स्पंजी राहिलं होतं. एअर काढून काढून कंटाळलो. तुम्ही वाकून कॅलिपरकडे बघितलंत आणि हसलात. मागच्या ब्रॅकेटवर कॅलिपर अशा कोनात आले होते की एअर काढायचं निपल सगळ्यात वर नव्हतंच, त्याच्या वर बोटभर जागा उरत होती आणि हवा तिथे निवांत बसून होती. कॅलिपर सोडवून पॅडच्या मध्ये लाकडी ठोकळा धरला, निपल आभाळाकडे केलं, आणि पारदर्शक नळीतून बुडबुड्यांची माळच बाहेर आली. पुढचा दाब मारला तेव्हा पेडल वरच थांबलं.

ब्रेकच्या होजचं (रबरी नळीचं) काम तुम्ही गाडीच्या सस्पेन्शनच्या स्प्रिंगा काढून करवलंत. एक्सल पूर्ण लटकलेला, स्टिअरिंग आधी एका टोकाला मग दुसऱ्या, आणि होज कुठेही ताणला नाही पाहिजे. आट्यांचं तर विसरणार नाही. ब्रेकच्या पाइपचा 3/8 इंचाचा नट 10 मिलिमीटरच्या भोकात सुरुवातीला छान फिरतो, आटेही इतके जवळचे की हाताला फरक कळत नाही. पण तो ढिलाच असतो, जोराने दाबलेल्या ब्रेकला निसटणार. तसा एक नट तुम्ही माझ्या डब्यातून काढून थेट भंगारात टाकलात.

मागच्या लाइनवर जुना लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह (गाडीतल्या वजनाप्रमाणे मागचा ब्रेक कमी-जास्त करणारा) होता. गाडी उंच केल्यावर त्याचा दांडा कायम ताणलेला, म्हणजे त्याला वाटणार गाडी रिकामी आहे, म्हणून मागचा ब्रेक कमी. तो काढून नॉबने हाताने जुळवता येणारा व्हॉल्व्ह लावलात आणि मोकळ्या मुरुमाच्या मैदानावर मला पुन्हा पुन्हा ब्रेक मारायला लावून तुम्ही बाहेरून चाकं बघत राहिलात. पुढची आधी लॉक झाली पाहिजेत, मागची कधीच आधी नाही. नॉब तुम्ही अगदी थोडा थोडा फिरवत होतात आणि माझा धीर सुटत चालला होता.

हँडब्रेकवरून आपलं वाजलं, ते मान्य. मला ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटून देणाऱ्या डब्याच्या) शाफ्टवरचा हवा होता. लँड रोव्हरच्या सिरीज गाड्यांना तसाच असतो, आटोपशीर दिसतो. तुमचं म्हणणं, तो ब्रेक डिफरन्शियलमधून (एक्सलची दोन चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या भागातून) चाकांपर्यंत पोचतो. एक मागचं चाक हवेत गेलं की जमिनीवरचं मोकळं फिरू शकतं, आणि शाफ्ट तुटला तर ब्रेकच नाही. खडकांत एक चाक हवेत जाणं रोजचंच. मित्राने सुचवलेला, लाइनमध्ये दाब अडवून ठेवणारा लॉक तर तुम्ही ऐकूनही घेतला नाहीत. ऑइल थंड झालं की दाब उतरतो. शेवटी डिस्कच्या आत छोटा ड्रम असलेली रचना बसवली. खर्च वाढला, पण चढावर गाडी उभी करून खाली उतरताना आता मागे वळून बघत नाही.

राहिलेली चाचणी म्हणजे सामान भरून. नॉबवर रंगाची खूण केली आहे, म्हणजे पुन्हा जुळवताना सुरुवात कुठून ते कळेल. झाली की कळवतो.

आणि आधीच माफी मागून ठेवतो, तो लॉकवाला मित्र आता तुमच्याकडे येणार आहे. त्याच्याही गाडीचे एक्सल बदलायचेत आणि तिला एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) आहे. दोन्ही एक्सलच्या, चाकाचा वेग मोजायच्या सेन्सर रिंगांचे दात मोजून आण, नाहीतर ताई दारातूनच परत पाठवतील, असं सांगून ठेवलंय. दात जुळत नाहीत म्हणतोय.

तुमचा ऋणी,
उंच गाडीवाला