वर्गातील हाक बदलायला हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सोलापूरच्या पूर्व भागातील एका माध्यमिक शाळेत मी अनेक वर्षे मराठी शिकवले. एका वर्षी आठवीत एकाच नावाचे दोन विद्यार्थी होते आणि त्यांपैकी एकाचा पाय पोलिओमुळे अधू झालेला होता. वह्या वाटताना मी नाव पुकारले की मुले ‘कोणता, लंगडा का?’ असे विचारत आणि मीही ‘हो, तोच’ म्हणून वही पुढे करीत असे. त्याचे आडनाव हजेरीपटावर माझ्याच अक्षरात लिहिलेले असताना ते उच्चारावे असे मला सुचले नाही, याची खंत आजही जात नाही. मुलांच्या मनात द्वेष नव्हता. शिक्षकाला चालते ते आपल्यालाही चालते, एवढेच त्यांनी ओळखले होते.

आपल्या शहरात असे शब्द मुलांच्या कानावर तीन-तीन भाषांतून पडतात. मराठीतला ‘लंगडा’ तेलुगूत ‘कुंटि’ होतो, कन्नडमध्ये ‘कुंट’ होतो आणि मैदानावर त्याचा अर्थ सगळ्यांनाच कळतो. घरी ‘आंधळा आहेस का, समोरचा तांब्या दिसत नाही?’ असे आपण सहज बोलून जातो. त्या वेळी कोणा अंध व्यक्तीचा विचार आपल्या मनात नसतो, पण आंधळेपणा म्हणजे निष्काळजीपणा आणि बहिरेपणा म्हणजे मठ्ठपणा, हे मूल त्यातूनच शिकते. म्हणी पुस्तकांतून काढून टाकाव्यात, असे मी म्हणणार नाही. मात्र ‘आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं’ शिकवताना क्षणभर थांबून, आपल्या वर्गात दृष्टिहीन मुलगी बसलेली असती तर तिला हे ऐकून काय वाटले असते, असे विचारणे मराठीच्या प्रत्येक शिक्षकाला शक्य आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ९२ नुसार दिव्यांग व्यक्तीचा लोकांसमक्ष हेतुपुरस्सर अपमान करणाऱ्यास सहा महिने ते पाच वर्षे कारावासाची शिक्षा होऊ शकते. मुलांना या कलमाचा धाक घालावा, असे मला वाटत नाही. त्याच कायद्याच्या कलम ३९ मध्ये दिव्यांगांच्या हक्कांचा शाळा-महाविद्यालयांच्या अभ्यासक्रमात समावेश अपेक्षित आहे आणि आपण लक्ष द्यायला हवे ते तिकडे.

नुसता शब्द बदलून मात्र भागत नाही. ‘दिव्यांग’ हा शब्द सरकारी व्यवहारात आला तेव्हा या क्षेत्रातील अनेक कार्यकर्त्यांनी त्याला आक्षेप घेतला होता, आणि मुलांनी तोच शब्द चिडवण्यासाठी वापरलेला मी स्वतः ऐकला आहे. ‘बिचारा’ हा शब्दही मला तितकाच खटकतो, कारण तो मायेचा वाटत असला तरी समोरच्याला आपल्या बरोबरीतून खाली उतरवतो. ‘मूकबधिर’ तर वस्तुस्थितीलाही धरून नाही: ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यापैकी कित्येक जण बोलतात आणि बाकीच्यांना सांकेतिक भाषा असते, जिला स्वतःचे व्याकरण आहे, मग त्यांना मुके का म्हणावे? आधी नाव घ्यावे, आणि व्यंगाचा उल्लेख खरोखर आवश्यक असेल तर त्या व्यक्तीला कोणता शब्द चालतो हे तिलाच विचारावे, एवढी सवय मुलांना लागली तरी पुष्कळ होईल.

स्नेहसंमेलनांतील नाटुकल्यांकडेही शिक्षकांनी लक्ष द्यावे. तोतऱ्याची किंवा बहिऱ्याची नक्कल करून हशा मिळवणारे पात्र त्यांत हमखास असते आणि समोर बसलेला, बोलताना अडखळणारा मुलगा त्यानंतर वर्गात हात वर करणे सोडून देतो.

जिल्हा परिषद आणि महापालिकेच्या शिक्षण विभागांना माझी विनंती आहे की, ३ डिसेंबरला जागतिक दिव्यांग दिनाची फेरी काढून न थांबता, जूनमध्ये शाळा उघडताच प्रत्येक वर्गाचा एक तास या विषयासाठी ठेवावा, त्या तासाला शहरातील एखाद्या दिव्यांग नागरिकाला मानधन देऊन बोलवावे आणि त्याआधी शिक्षकांसाठी असाच एक तास घ्यावा.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, सोलापूर