अकाउंट्सच्या खिडकीतल्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

नुकतीच पदवी घेऊन बाहेर पडलेली मुलं कॉलेजला शंभर-दोनशे रुपये पाठवतात, त्याचं कौतुक माजी विद्यार्थी संघाच्या वाट्याला येतं. संमेलनात शाल-श्रीफळही आम्हालाच मिळतं. पण हे काम चालतं ते तुमच्या टेबलावरून. ठाणे आणि नवी मुंबईतल्या बाकीच्या कॉलेजांच्या संघांनाही ते कळावं म्हणून हे पत्र जाहीर लिहीत आहोत. देणगी मागायला शिकवणारे पुष्कळ भेटतात. आलेली देणगी सांभाळायची कशी, हे आम्हाला तुम्ही शिकवलंत.

आधी पावतीबद्दल. ऐरोली, महापे किंवा वागळे इस्टेटमध्ये पहिली नोकरी लागलेला मुलगा २०० रुपये पाठवतो तेव्हा त्याने आयुष्यात कुठल्याच संस्थेला पैसे दिलेले नसतात. आठवडाभर पावती आली नाही की तो विचारत नाही, तक्रार करत नाही. पैसे कुठेतरी गेले असं समजतो आणि पुढच्या वर्षी आपला मेसेज उघडतसुद्धा नाही. तुम्ही नियम घातलात: बँकेत रक्कम दिसली की दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी पावती, आणि ५० रुपयांची पावती ५०,००० च्या पावतीसारखीच, त्याच क्रमाने, त्याच सहीची. छोट्या रकमेला नुसता 'थँक यू'चा मेसेज आणि मोठ्या रकमेला पावती, असा भेद तुम्ही कधी होऊ दिला नाहीत. मुलं दुसऱ्या वर्षी पुन्हा देतात त्यात आमच्या भाषणांपेक्षा या एका नियमाचा वाटा मोठा आहे, असं आमचं ठाम मत आहे.

पावतीवरच्या नावाचा घोळही तुम्हीच सोडवलात. मुंबई विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, वडिलांचं आणि शेवटी आईचं. पॅन कार्डावर क्रम वेगळा, आईचं नाव नाही. लग्नानंतर काही मुलींची बँकेतली आणि पॅनवरची आडनावंही जुळत नाहीत. कॉलेजच्या यादीतून नाव उचलून पावती फाडली की वर्षअखेरीच्या विवरणात नाव एक, पॅन दुसऱ्याच नावाचा. म्हणून फॉर्मवर पहिलाच प्रश्न 'पॅनवर जसं आहे तसं नाव' हा हवा, आणि बॅच व शाखा त्याखाली. वडिलांच्या फोनवरून किंवा मित्राच्या खात्यातून पैसे आले असतील तर पावती कोणाच्या नावाची, हे तिथल्या तिथे विचारून घ्यायचं. मार्चनंतर विचारत बसलात तर फोन उचलले जात नाहीत.

आता क्यूआर कोड. संघातल्या एखाद्या उत्साही सभासदाच्या स्वतःच्या खात्यावर पैसे गोळा करून शेवटी एकरकमी कॉलेजला द्यायचे, ही पद्धत सगळीकडे सर्रास चालते. हेतू चांगलाच असतो. पण मग देणगीदार म्हणून नोंद होते ती त्या एका सभासदाची. बाकीच्यांना पावती देता येत नाही, आणि त्याच्या खात्यात आलेली रक्कम नेमकी कसली, हे उद्या त्यालाच सांगावं लागतं. तुम्ही सुरुवातीलाच सांगितलंत की क्यूआर संस्थेच्या खात्याचाच हवा, नाहीतर मोहीम नको. यूपीआयवर संस्थेला शुल्क पडत नाही. कार्डाने पैसे घेणारा गेटवे साधारण २ टक्के आणि त्यावर जीएसटी कापतो, त्यामुळे छोट्या देणग्यांना यूपीआयच बरं.

बँकेच्या स्टेटमेंटमध्ये यूपीआयची ओळ कशी दिसते, हे ज्याने बघितलेलं नाही त्याला ही अडचण कळणार नाही. १२ आकडी व्यवहार क्रमांक, अर्धवट तुटलेलं नाव, कधी नुसता मोबाइल नंबर आणि पुढे रक्कम. आपल्याकडे देणगी म्हटलं की हात आपोआप १०१ किंवा ५०१ कडे जातो. एका दिवशी ५०१ च्या दहा ओळी आल्या की कुठली कोणाची, हे शोधण्यात संध्याकाळ जाते. तुमची युक्ती इतकी सोपी आहे की कुठल्याही संघाने ती उद्यापासून वापरावी: रकमेचे शेवटचे दोन आकडे म्हणजे पास झालेलं वर्ष. २०२४ ची बॅच २२४ किंवा ५२४ पाठवणार, २०२५ ची २२५ किंवा ५२५. स्टेटमेंट डोळ्यांखालून घातलं की बॅच कळते, आणि मग फॉर्ममधला १२ आकडी क्रमांक जुळवायला वेळ लागत नाही. पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट हा पुरावा धरायचा नाही, हेही तुमचंच सांगणं. तो कोणीही बनवू शकतो, आणि खरा असला तरी व्यवहार नंतर परत फिरलेला असू शकतो. पावती फाडायची ती स्टेटमेंट बघूनच.

दर महिन्याला १०० रुपये आपोआप कापून घेण्याची कल्पना बऱ्याच समित्यांना मोहात पाडते. नव्या नोकरदाराच्या खात्यात महिन्याच्या २५ तारखेनंतर काय उरतं, हे त्यांनी आधी बघावं. खात्यावरच्या मँडेटचा, म्हणजे पैसे आपोआप कापण्यासाठी बँकेला दिलेल्या परवानगीचा, हप्ता परतला की बँक दंड लावते, आणि तो दंड बहुधा देणगीपेक्षा मोठा असतो. कॉलेजला शंभर रुपये देताना बँकेचा दंड बसलेला मुलगा पुन्हा तुमच्याकडे फिरकणार नाही. वर्षातून एकदाच घ्यावं. कोणी मासिक देण्याचा आग्रहच धरला तर कापण्याची तारीख पगारानंतरची, ७ किंवा १० ठेवावी.

पावतीवर कॉलेजचं नाव का नाही, हा प्रश्न मुलं हमखास विचारतात. पदवी मुंबई विद्यापीठाची, वर्ग कॉलेजचे, आणि बँक खातं, पॅन, ८०जीची (देणगीदाराला करसवलत मिळवून देणारी) नोंदणी बहुतेक वेळा कॉलेज चालवणाऱ्या संस्थेच्या नावावर. माजी विद्यार्थी संघ वेगळा नोंदलेला असेल तर त्याचा पॅन वेगळा, आणि त्याची स्वतःची ८०जी नोंदणी नसेल तर तो करसवलतीचं प्रमाणपत्र देऊच शकत नाही. हे मागण्याच्या मेसेजमध्येच एका ओळीत सांगून टाकलं की शंका राहत नाही. आणि पावतीवर हेतू लिहिलेला हवा: 'अमुक महाविद्यालय, परीक्षा फी साहाय्य'. नुसतं 'देणगी' लिहिलं तर ती रक्कम संस्थेच्या सर्वसाधारण खात्यात मिसळते आणि वर्षअखेरीस तिचा माग लागत नाही. ८०जीची नियमित नोंदणी ५ वर्षांची असते. जुन्या पावतीपुस्तकावर मुदत संपलेला क्रमांक छापून राहिला नाही ना, हे दर एप्रिलला बघायचं.

करसवलतीबाबत तुम्ही आम्हाला खोटी जाहिरात करू दिली नाहीत, त्याबद्दल विशेष आभार. 'कर वाचवा, कॉलेजला द्या' हे वाक्य पोस्टरवर छान दिसतं. पण नव्या करप्रणालीत ८०जीची वजावट मिळतच नाही, आणि आता ती प्रणालीच मुळात लागू असते. जुनी हवी असेल तर निवडावी लागते. त्यात २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नाही, पगारदाराला प्रमाणित वजावट धरून १२ लाख ७५ हजारांपर्यंत. नुकत्याच पदवी घेतलेल्या बहुतेक मुलांना वजावटीचा काडीचा उपयोग नाही, हे त्यांना सरळ सांगावं. जुन्या प्रणालीतल्या मोठ्या देणगीदाराला साधारणपणे निम्म्या रकमेची वजावट मिळते, तीही उत्पन्नाच्या १० टक्क्यांच्या मर्यादेत, आणि २,००० रुपयांवरची रोख देणगी त्यात धरली जात नाही. मुलांना खरं सांगितलं तर ती देतात. सवलतीचं आमिष दाखवून पुढच्या जुलैत ती मिळाली नाही, तर विश्वास गेला.

तरीही विवरण सगळ्यांचं भरावं लागतं. आर्थिक वर्ष संपल्यावर ३१ मेपर्यंत आयकर खात्याकडे १०बीडी हा देणग्यांच्या विवरणाचा फॉर्म भरायचा आणि देणगीदारांना १०बीई प्रमाणपत्र द्यायचं. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये शुल्क. दोनशेच्या देणग्या गोळा करणाऱ्या मोहिमेला हे किती महाग पडेल, ते वेगळं सांगायला नको. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा, २०२५ लागू असल्यामुळे कलमांचे क्रमांक बदलतात. नवीन पावत्या छापण्याआधी लेखापरीक्षकांना मसुदा दाखवून घ्या, हे इतर संघांना आमचं कळकळीचं सांगणं.

संमेलनात दारापाशी ठेवलेली निनावी पेटी तुम्ही बंद करवलीत, तेव्हा काहींना वाईट वाटलं होतं. कारण साधं आहे. देणाऱ्याचं नाव-पत्ता नसलेल्या देणग्या एकूण देणग्यांच्या ५ टक्के किंवा १ लाख रुपये, यातल्या मोठ्या आकड्याच्या पुढे गेल्या की त्यांवर ३० टक्के कर लागतो. तिथे पेटीऐवजी पावतीपुस्तक घेऊन दोन मुलं बसवावीत. परदेशी शिकायला गेलेल्यांबद्दलही असंच. भारतीय पासपोर्ट असलेल्या मुलाने आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम परदेशी देणगी ठरत नाही. पासपोर्टची प्रत मात्र फाइलला हवी. ज्याने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं त्याची देणगी, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असलं तरी, एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय घेता येत नाही.

अनामत रकमेच्या बाबतीत तुम्ही दाखवलेला ताठपणा आम्हाला सगळ्यात जास्त आवडतो. लायब्ररी, लॅब आणि कॉशन मनीचे काही शे रुपये अनेक मुलं परत न्यायलाच येत नाहीत. ती रक्कम परस्पर आमच्या देणगी निधीत वळवावी, असं सुचवणारे कमी नव्हते. तुम्ही म्हणालात, तो मुलांचा पैसा आहे. आज टीसी किंवा ट्रान्सक्रिप्टसाठी खिडकीवर आलेल्या मुलाला एक अर्धं पान मिळतं. त्यावर दोन रिकामे चौकोन: 'मला परत हवी' आणि 'निधीला देतो'. कुठल्याच चौकोनात आधीपासून खूण नाही, आणि परत हवी म्हणणाऱ्याला कसलंही बोलणं नाही. देतो म्हणणाऱ्याचं परताव्याचं व्हाउचर वेगळं, देणगीची पावती वेगळी, दोन्हींवर सही. त्याच पानाच्या तळाशी निधीबद्दल मेसेज पाठवला तर चालेल का, हा तिसरा चौकोन. प्रवेशाच्या वेळी घेतलेला नंबर देणगी मागायला वापरणं योग्य नाही, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या दृष्टीनेही संमती घेतलेली बरी.

मागायचं कधी, याबद्दल थोडं. निकालाच्या दिवशी नाही, पदवीदानालाही नाही. तेव्हा हातात पगार नसतो, आणि बऱ्याच कंपन्यांत रुजू होण्याची तारीखच पुढे ढकललेली असते. पास झाल्यावर पहिली दिवाळी गेली की जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात विचारावं. विचारावं ते त्याच वर्गातल्या कोणीतरी, एकाकडे २५-३० नावं, ग्रुपवर नाही तर एकेकाला. मजकूर छोटा: 'आपल्या बॅचकडून परीक्षा फीसाठी जमवतोय. २२४ रुपये. क्यूआर संस्थेच्या खात्याचा आहे. आत्ता जमत नसेल तर नुसतं "पुढच्या वर्षी" लिही, चालेल.' 'पुढच्या वर्षी' हे उत्तर तुमच्या वहीत नोंदलं जातं, हे फार मोलाचं. एमएस्सी करणारे, एमपीएससीची तयारी करणारे, घर चालवणारे यांना नाही म्हणण्याची लाज वाटू नये. आठवण एकदाच करायची. ग्रुपवर किती जणांनी दिलं एवढाच आकडा टाकायचा. नावं आणि रकमा टाकल्या की ज्याला जमलं नाही तो ग्रुप सोडतो.

छोट्या देणग्या मुदत ठेवीत अडकवू नयेत, हाही तुमचाच आग्रह. समजा ३०० जणांनी २२४ प्रमाणे दिले, तर ६७,२०० रुपये होतात. ७ टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला ४,७०४ रुपये व्याज. तेच पैसे त्या वर्षी परीक्षा फी, लोकलचा पास, चष्मा, लॅब कोट यांवर खर्च केले तर देणाऱ्याला तीन महिन्यांत सांगता येतं की काय झालं. राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवरची शिष्यवृत्ती मंजूर असूनही रक्कम येईपर्यंत अनेकदा वर्ष सरतं. परीक्षेच्या फॉर्मची तारीख मात्र थांबत नाही, आणि उशिरा भरला की विलंबशुल्क. निधी खरा उपयोगी पडतो तो तिथे. कायमनिधीसाठी मोठे देणगीदार वेगळे असतात, आणि त्यांची रक्कम कायमनिधीचीच आहे असं त्यांच्याकडून लेखी घ्यावं लागतं.

दर एप्रिलला तुम्ही देता तो एक पानी हिशेब आम्ही सगळ्या देणगीदारांना जसाच्या तसा पाठवतो. जमा किती, कुठल्या कामाला किती, शिल्लक किती. मदत घेणाऱ्या मुलाचं नाव नाही, धनादेश हातात धरलेला फोटो नाही. फोटो मागणाऱ्यांना तुम्ही दर वेळी नम्रपणे नकार देता, त्याबद्दल त्या मुलांच्या वतीनेही आभार.

या वर्षी बॅच प्रतिनिधींच्या याद्या आम्ही ३० एप्रिलपर्यंत, पॅनप्रमाणे नावं तपासून, तुमच्याकडे आणून देतो, म्हणजे १०बीडीसाठी तुम्हाला पूर्ण मे महिना मिळेल. याद्या आणणाऱ्या दोन नवीन मुलांना तासभर स्टेटमेंट जुळवायला शिकवाल का? शनिवारी दुपारी गर्दी नसते, तेव्हा पाठवतो.

आपले स्नेहांकित,
माजी विद्यार्थी संघाची देणगी समिती, ठाणे